योद्धा आणि शोकांतिका: प्रबोधनकाळातील इंग्रजी नाटकांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शोकात्म नायकाचे ‘योद्धेपण’ म्हणजे नेमके काय? नाटकात लढाई असली की पुरे का?

पुरे नाही. शेक्सपिअरच्या इतिहासनाटकांत ढीगभर लढाया आहेत, पण त्यांत तलवार चालवणारा प्रत्येक जण या अर्थाने योद्धा ठरत नाही. येथे विचार करायचा आहे तो अशा नायकांचा, ज्यांना स्वतःची ओळखच रणांगणाने दिली आहे. आपण कोण आहोत, लोक आपल्याला का मानतात, आपल्यावर कोणी प्रेम का करावे, या प्रश्नांची त्यांच्याजवळची सगळी उत्तरे युद्धातून आलेली असतात. ऑथेल्लो, मॅकबेथ, कोरायोलेनस, अँटनी आणि टायटस हे शेक्सपिअरचे असे पाच नायक आहेत आणि त्यांच्याआधी उभा आहे तो क्रिस्टोफर मार्लोचा तँबरलेन.

या नायकांविषयी एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्यावी, कारण पुढची बहुतेक उत्तरे तिच्याभोवती फिरतात. यांतील बहुतेकांची लढाई नाटकाच्या सुरुवातीलाच आटोपते. मॅकबेथचा पराक्रम दुसऱ्या प्रवेशात कानावर पडतो, तोवर तो घडून गेलेला असतो. रोमन सेनापती टायटस गॉथ टोळ्यांना जिंकून रोमला परत येतो तेव्हा पहिला अंक नुकताच सुरू झालेला असतो. कोरायोलेनस पहिल्या अंकातच शहर जिंकतो. व्हेनिसचा परदेशी सेनापती ऑथेल्लो याला तर लढावेच लागत नाही, कारण तुर्की आरमार वादळातच बुडते. रण संपते, योद्धा घरी येतो आणि शोकांतिका तेथून सुरू होते.

असे नायक याच काळात का लिहिले गेले?

एक कारण भाषेत सापडते. प्लूटार्क या प्राचीन ग्रीक लेखकाच्या चरित्रांचा टॉमस नॉर्थने केलेला इंग्रजी अनुवाद १५७९ मध्ये निघाला आणि शेक्सपिअरची रोमन नाटके त्याच पुस्तकावर पोसली गेली. कोरायोलेनसच्या चरित्रात तेथे असे सांगितले आहे की त्या काळी रोममध्ये शौर्याला इतर सर्व गुणांहून अधिक मान होता आणि शौर्यासाठी वापरला जाणारा ‘व्हिर्टुस’ हाच शब्द सगळ्या सद्गुणांचे नाव होऊन बसला होता. हा शब्द ‘व्हिर’, म्हणजे पुरुष, या लॅटिन शब्दापासून आला आहे. पुरुष, शूर आणि सज्जन हे तीन अर्थ एकाच शब्दात कोंबल्यावर काय होते, याची तपासणी जणू या नाटकांतून झाली.

दुसरे कारण राजकीय आहे. १५८८ मध्ये स्पॅनिश आरमार परतवल्याचा अभिमान इंग्लंडमध्ये ताजा होता, पण १६०३ मध्ये गादीवर आलेला पहिला जेम्स शांततेचा पुरस्कर्ता होता आणि १६०४ मध्ये त्याने स्पेनशी तह केला. पराक्रमावर नाव कमावलेल्या सरदारांपुढे आता दरबारात हुजरेगिरी करण्याचाच मार्ग उरला. रणांगणावर नाव मिळवलेला आणि एलिझाबेथ राणीचा लाडका असलेला एसेक्सचा अर्ल १६०१ मध्येच बंड करून वधस्तंभावर गेला होता. प्रत्येक नायकात एसेक्स शोधण्याची सवय काही अभ्यासकांना असते, ती मला पटत नाही. मात्र ‘लढाई संपल्यावर लढवय्याचे काय करायचे?’ हा प्रश्न प्रेक्षकांच्या डोक्यात आधीपासून घोळत होता, एवढे नक्की म्हणता येते.

तँबरलेन हा शोकात्म नायक मानावा का?

काटेकोर अर्थाने नाही. १५८७ च्या सुमारास रंगभूमीवर आलेला हा मेंढपाळ राजामागून राजे जिंकत जातो आणि पहिल्या भागात त्याला कोणीच अडवत नाही. वेढा घातल्यावर पहिल्या दिवशी पांढरे तंबू, दुसऱ्या दिवशी लाल आणि तिसऱ्या दिवशी काळे, असा त्याचा नेम असतो. काळे तंबू उभे राहिल्यावर दयेची याचना ऐकून घेतली जात नाही. दुसऱ्या भागात मात्र त्याची पत्नी झेनोक्रेटी आजारी पडून मरते आणि ज्या शत्रूवर तलवार चालत नाही अशा शत्रूशी त्याची प्रथमच गाठ पडते. ज्या गावी ती मेली ते गाव तो जाळून टाकतो. मुलांना जखमेची भीती वाटू नये म्हणून स्वतःच्या दंडावर वार करून दाखवतो आणि लढाईला न गेलेल्या कॅलिफस या मुलाला स्वतःच्या हाताने मारतो. पुढच्या योद्धानायकांचे बीज येथे आहे: दुःख झाले तरी याला हत्यार उचलण्यावाचून दुसरे काही सुचत नाही.

ऑथेल्लोची शोकांतिका मत्सराची आहे, मग तिच्यात योद्धेपणाचा संबंध कुठे येतो?

मत्सर आहेच. परंतु मत्सरी नवरे जगात पुष्कळ असतात आणि त्यांतला प्रत्येक जण एका दुपारच्या संभाषणावरून पत्नीला देहदंड सुनावत नाही. ऑथेल्लो ज्या पद्धतीने निर्णय घेतो ती छावणीची पद्धत आहे आणि शेक्सपिअरने ती आपल्याला आधी एकदा दाखवून ठेवलेली आहे.

दुसऱ्या अंकातला सायप्रसमधला रात्रीचा दंगा आठवावा. त्याचा लेफ्टनंट कॅसिओ दारू पिऊन भांडतो, धोक्याची घंटा वाजते, ऑथेल्लो अंथरुणातून उठून येतो. तो विचारतो की हे कोणी सुरू केले. कॅसिओला बोलवत नाही, जखमी माँटानो पुरते सांगू शकत नाही, आणि साक्ष द्यायला उरतो एकटा निशाणदार इयागो. त्या एका साक्षीवर काही क्षणांत निकाल लागतो: माझे तुझ्यावर प्रेम आहे, पण यापुढे तू माझा अधिकारी नाहीस. युद्धाच्या तोंडावर असलेल्या ठाण्यात सेनापतीने असे झटपट वागणे योग्यच म्हणावे लागेल. तिसऱ्या अंकात साक्षीदार तोच असतो, वेग तोच असतो आणि न्यायाधीशही तोच असतो. फरक इतकाच की आता आरोपी, कॅसिओशी संबंध असल्याच्या संशयावरून, त्याची पत्नी डेस्डेमोना असते आणि तिला आपल्यावर खटला चालू आहे हेच ठाऊक नसते. एकदा शंका आली की एकदाच काय ते ठरवून टाकायचे, असे तो स्वतःविषयी अभिमानाने सांगतो. सेनापती म्हणून त्याचा जो गुण आहे, तोच येथे फास होतो.

याच प्रवेशातले त्याचे निरोपाचे भाषण तर या विषयाचे हृदयच आहे. पत्नीविषयी संशयाचे विष नुकतेच भिनू लागले आहे, पुरावा अजून काहीच नाही, आणि हा माणूस निरोप कोणाचा घेतो? मनाच्या शांतीचा घेतो आणि मग तुरे लावलेल्या पलटणींचा, खिंकाळणाऱ्या घोड्यांचा, तुतारीचा, रणदुंदुभीचा, कान फाडणाऱ्या पाव्याचा, राजध्वजाचा, तोफांचा. शेवटी म्हणतो की ऑथेल्लोचे कामच संपले. पत्नी बेइमान निघाली असेल तर तोफांनी काय घोडे मारले, असे वाचकाला वाटणे साहजिक आहे. त्याचे उत्तर पहिल्या अंकात मिळते. व्हेनिसच्या सभेपुढे त्याने सांगितले होते की मी सोसलेल्या संकटांसाठी तिने माझ्यावर प्रेम केले आणि तिला त्यांचा कळवळा आला म्हणून मी तिच्यावर केले. सात वर्षांचा असल्यापासून छावणीत वाढलेल्या या परक्या माणसाला प्रेमही पराक्रमाच्या कहाणीतूनच मिळाले. तेव्हा प्रेम खोटे ठरले तर ती कहाणी खोटी ठरते, आणि कहाणी खोटी ठरली तर तो उरतच नाही. सायप्रसच्या किनाऱ्यावर भेटल्याबरोबर तो डेस्डेमोनाला ‘माझी सुंदर योद्धा’ म्हणून हाक मारतो. प्रेमाचा याहून मोठा शब्द त्याच्याजवळ नाही.

इयागोला ही गोष्ट कळलेली असते का?

पुरती कळलेली असते, कारण तोही सैनिकच आहे. त्याची पहिली तक्रार बढतीची आहे: ज्याने कधी मैदानात पलटण उभी केली नाही, ज्याला केवळ पुस्तकी हिशेब येतो, अशा कॅसिओला लेफ्टनंट केले आणि मला निशाणदारच ठेवले. तिसऱ्या अंकातील त्याच प्रवेशाच्या शेवटी इयागो आणि ऑथेल्लो गुडघे टेकून सूडाची शपथ घेतात, ऑथेल्लो म्हणतो की आता तू माझा लेफ्टनंट, आणि इयागो उत्तरतो की मी कायमचा तुमचा आहे. प्रयोगात हे दृश्य लग्नासारखे दिसते, पण ती लष्करी नेमणूकही आहे. डेस्डेमोनाचा बळी ज्या शपथेत ठरतो त्याच शपथेत इयागोला हवी असलेली बढती मिळते.

मॅकबेथ तर महत्त्वाकांक्षी खुनी आहे. त्याच्या शौर्याकडे लक्ष कशाला द्यायचे?

कारण राजाला त्याचे शौर्य आवडले तेव्हा तेही रक्तबंबाळच होते. जखमी सुभेदार येऊन डंकन राजाला सांगतो की मॅकबेथने बंडखोर मॅकडॉनवाल्डला बेंबीपासून जबड्यापर्यंत उभा चिरला आणि त्याचे मुंडके तटावर लावले. त्यावर दयाळू म्हणून ओळखला जाणारा हा राजा आपल्या शूर आप्ताची वाहवा करतो. नाटकाच्या शेवटी मॅकडफ हा सरदार एक मुंडके घेऊन येतो आणि ते मॅकबेथचे असते. या दोन मुंडक्यांच्या मध्ये सगळे नाटक आहे. राज्य ज्या हिंसेवर उभे असते तिला पहिल्या अंकात बक्षीस मिळते आणि तीच नंतर अंतःपुरात शिरते.

‘पुरुष’ हा शब्द या नाटकात हातोहात फिरतो. पुरुषाला शोभेल ते सर्व करण्याची माझी हिंमत आहे, त्याहून अधिक करेल तो पुरुषच नव्हे, असे डंकनच्या खुनाआधी मॅकबेथ म्हणतो तेव्हा तो अजून वाचू शकला असता. लेडी मॅकबेथ तो शब्द उलटा करते: हिंमत केलीस तेव्हा तू पुरुष होतास. पुढे आपला साथीदार बँको याला मारण्यासाठी मॅकबेथ मारेकऱ्यांना भरीस घालतो तेव्हा त्याने पत्नीकडून शिकलेला युक्तिवाद तसाच वापरलेला दिसतो. माणसांच्या यादीत तुमचे नाव आहे खरे, पण कुत्र्यांच्याही यादीत हाऊंड, स्पॅनिअल, लांडगाकुत्रे असे प्रकार असतातच की.

या सगळ्याला छेद देणारे वाक्य मॅकडफच्या तोंडी आहे. बायकोमुले मारली गेल्याचे कळल्यावर राजपुत्र माल्कम त्याला म्हणतो, पुरुषासारखा सामना कर. मॅकडफ म्हणतो की तो करीनच, पण पुरुषासारखे मला ते जाणवूनही घेतले पाहिजे. मॅकबेथचा वध याच माणसाच्या हातून व्हावा, ही योजना मला नाटकातली सर्वांत विचारपूर्वक केलेली योजना वाटते. मात्र शेक्सपिअर आपल्याला समाधानाने घरी जाऊ देत नाही. शेवटच्या प्रवेशात वृद्ध इंग्रज सेनापती सिवर्डला मुलगा पडल्याची बातमी मिळते आणि तो एकच गोष्ट विचारतो: जखमा पुढच्या बाजूला होत्या ना? म्हणजे जुनी मोजपट्टी अजून शाबूत आहे.

कोरायोलेनस जनतेला आपल्या जखमा का दाखवत नाही?

हा प्रश्न वाचक सर्वाधिक विचारतात आणि या नाटकाचा तोच गाभा आहे. रोममध्ये कॉन्सल या सर्वोच्च पदाच्या उमेदवाराने साधा अंगरखा घालून बाजारात उभे राहायचे, जखमा दाखवायच्या आणि नागरिकांची मते मागायची, अशी रीत नाटकात आहे. प्लूटार्कच्या चरित्रातला मार्शियस (हे कोरायोलेनसचे मूळ नाव) ही रीत मुकाट्याने पाळतो आणि सतरा वर्षांच्या लढायांतल्या जखमा लोकांना दाखवतो. शेक्सपिअरने ही गोष्ट मुद्दाम बदलली. त्याचा मार्शियस अंगरखा घालतो, मतेही मागतो, पण जखमा एकांतात दाखवीन असे सांगून वेळ मारून नेतो.

त्या जखमांचा हिशेब आधी एका वेगळ्याच ठिकाणी झालेला आहे. तो जिंकून येत असल्याची बातमी येते तेव्हा त्याची आई व्हॉलम्निया म्हणते की तो जखमी झाला आहे, देवांचे आभार. शेजारी उभी असलेली सून व्हर्जिलिया ‘नाही, नाही, नाही’ म्हणून शहारते. मग व्हॉलम्निया आणि मेनेनियस हा म्हातारा सरदार हिशेब मांडून बसतात: एक खांद्यावर, एक डाव्या दंडावर, हद्दपार राजा टार्क्विनला परतवताना झालेल्या इतक्या, मानेवर एक, मांडीवर दोन. या मोहिमेपूर्वी पंचवीस होत्या, असे आई सांगते. मेनेनियस म्हणतो, आता सत्तावीस. घरातले जाणते माणूस दागिने मोजते तसा हा प्रसंग आहे आणि रंगमंचावर तो हसू आणतो, पण ते हसू घशात अडकते.

म्हणजे त्याचे शरीर आईने आधीच मोजून ठेवलेले आहे. बाजारात तेच पुन्हा मोजले जाणार आणि त्याच्या बदल्यात मत मिळणार. आपण केले ते कोणाच्या मोबदल्यासाठी नव्हते, अशी त्याची समजूत असते, आणि जखमा दाखवल्या की ती समजूत मोडते. त्याला लोकांचा तिटकारा आहे हे खरेच. १६०७ मध्ये इंग्लंडच्या मध्य भागात शेतकऱ्यांचा उठाव झाला होता आणि नाटकही धान्यासाठी पेटलेल्या नागरिकांपासूनच सुरू होते, त्यामुळे त्या तिटकाऱ्याची धार त्या वेळच्या प्रेक्षकांना चांगलीच कळली असणार. परंतु निव्वळ उच्चवर्णीय माज म्हणून त्याला निकालात काढले तर नाटक हातातून निसटते.

एक लहान प्रसंग पाहावा. शहर जिंकल्यावर तो एकच गोष्ट मागतो: शत्रूच्या शहरात एका गरीब माणसाने मला आसरा दिला होता, तो कैदेत आहे, त्याला सोडा. सेनापती होकार देतो आणि त्याला नाव विचारले जाते. मार्शियस नाव विसरलेला असतो. थकलो आहे, थोडी दारू आहे का, असे म्हणून तो पुढे जातो. त्या माणसाचे पुढे काय झाले ते नाटक सांगत नाही. ज्याला स्वतःला त्याच क्षणी जिंकलेल्या शहरावरून ‘कोरायोलेनस’ हे नाव मिळाले आहे, त्याला दुसऱ्याचे नाव आठवत नाही.

मग आईपुढे तो का नमतो?

कारण त्याला घडवले तिनेच. रोमने हद्दपार केलेला तो पाचव्या अंकात वोल्शियनांची, म्हणजे रोमच्या शत्रूंची, फौज घेऊन रोमच्या वेशीवर उभा आहे. आई, पत्नी आणि लहान मुलगा त्याच्यापुढे येतात, आई गुडघे टेकते, लांबलचक बोलते, आणि मग एक रंगसूचना येते: तो तिचा हात धरतो, गप्प. छापील नाटकातले हे मोजकेच शब्द असतील, पण चांगला नट तेथे किती वेळ थांबतो यावर सगळा प्रयोग तोलला जातो. त्या शांततेत योद्धा मरतो. त्यानंतर वोल्शियनांचा सेनापती ऑफिडियस त्याला ते चोरलेले नाव देण्यास नकार देतो आणि ‘रडवे पोर’ म्हणतो, तेव्हा तो उसळून सांगतो की कबुतरखान्यात गरुड शिरावा तसा मी तुमच्या कोरायोलीत शिरलो होतो, एकटा. ज्यांचे बाप आणि मुलगे त्याने मारले होते त्यांच्या गर्दीपुढे तो हे बोलतो. पुढचे सांगायला नको.

अँटनीला याच मालिकेत बसवता येते का? तो तर प्रेमासाठी रण सोडतो.

तो अपवाद आहे, पण नियम समजावून देणारा. नाटकाच्या पहिल्याच भाषणात एक रोमन सैनिक कुरकुरतो की मोठ्या लढायांच्या धामधुमीत ज्या सेनापतीची छाती चिलखताच्या बकला तोडत असे, ती आता एका स्त्रीला वारा घालण्याचा पंखा झाली आहे. चौथ्या अंकात क्लिओपात्रा स्वतः त्याला चिलखत चढवू पाहते, बकला चुकतात, हसणेखिदळणे होते. या सबंध परंपरेत योद्धा आणि प्रियकर एकाच माणसात सुखाने नांदताना मला फक्त येथेच दिसतात. काही प्रवेशांनंतर तो सेवकाला म्हणतो, इरॉस, चिलखत उतरव, लांबलेल्या दिवसाचे काम संपले. त्याच्या थोडे आधी तो ढगांविषयी बोलतो: घोड्यासारखा दिसणारा ढग पाहतापाहता पाण्यात पाणी मिसळावे तसा विरतो, तसा मी अजून अँटनी आहे, पण हा आकार मला टिकवता येत नाही. योद्धेपण म्हणजे एक आकार आहे आणि तो धरून ठेवावा लागतो, हे या नायकांपैकी केवळ अँटनीला कळते. मरणही त्याला नीट साधत नाही. स्वतःच्या तलवारीवर पडूनही तो जिवंत राहतो.

टायटस आणि हॅम्लेट?

टायटसविषयी थोडक्यात. पंचवीस मुलांपैकी एकवीस रोमसाठी गमावलेला हा म्हातारा परत येताच शिस्तीच्या नावाखाली वाट अडवणाऱ्या आणखी एका मुलाला मारतो. नाटक ओबडधोबड आहे, पण योद्ध्याचा आज्ञाधारकपणा घरात आला की काय करतो याचा तो पहिला कच्चा खर्डा आहे.

हॅम्लेट योद्धा नाही, विद्यापीठातला विद्यार्थी आहे. पण त्याच्या बापाचे भूत नखशिखान्त चिलखतात येते आणि मुलावर जुन्या जगाचे काम सोपवते. गंमत शेवटी आहे: नॉर्वेचा फोर्टिनब्रास हुकूम देतो की याला सैनिकाप्रमाणे उचलून न्या, आणि तोफा डागल्या जातात. सबंध नाटकभर जो माणूस सैनिक नव्हता त्याला मेल्यावर सैनिक करण्यात आले.

हे नायक मरताना पुन्हा सैनिक का होतात?

त्यांना दुसरी भूमिका येत नाही म्हणून. मॅकबेथ म्हणतो की मरायचेच तर अंगावर चिलखत घालून मरू. ऑथेल्लोचा शेवट यांत सर्वांत भेदक आहे. ज्या इटालियन कथेवरून हे नाटक घेतले त्या चिंथिओच्या १५६५ च्या कथेत मूर, म्हणजे उत्तर आफ्रिकेचा, सेनाधिकारी आत्महत्या करत नाही. त्याला पुढे पत्नीचे नातेवाईक मारतात. शेक्सपिअरने त्याला शेवटचे भाषण दिले. मी राज्याची थोडी सेवा केली आहे, असे म्हणून तो सुरुवात करतो आणि अलेप्पोमधली एक आठवण सांगतो: एक तुर्क व्हेनिसच्या माणसाला मारत होता, राज्याची निंदा करत होता, मी त्याचा गळा धरला आणि असा वार केला. ‘असा’ म्हणताना तो स्वतःलाच भोसकतो. सेनापती तोच, शत्रू तोच. व्हेनिससाठीचे शेवटचे युद्ध तो स्वतःच्या देहावर लढतो आणि ती पराक्रमाची कहाणी, जिच्यावर डेस्डेमोना भाळली होती, पुन्हा एकदा सांगूनच मरतो.

मराठी रंगभूमीने या नायकांकडे कसे पाहिले?

‘ऑथेल्लो’चे मराठी भाषांतर महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ मध्येच केले होते, पण आपल्याकडे हा नायक रुजला तो गोविंद बल्लाळ देवलांच्या १८९० च्या ‘झुंझारराव’मुळे. देवलांनी निवडलेले हे नाव मला फार अर्थपूर्ण वाटते. मूळ ‘ऑथेल्लो’ या नावातून मराठी प्रेक्षकाला काहीच कळले नसते. ‘झुंझारराव’ म्हटल्याबरोबर नायकाची सगळी ओळख पडदा उघडण्यापूर्वीच हाती येते. मार्शियसला रोमने लढाईवरून नाव दिले, तसे ऑथेल्लोला ते मराठीने दिले. मॅकबेथवरून वि. वा. शिरवाडकरांनी १९५४ मध्ये ‘राजमुकुट’ लिहिले, आणि तेथे शीर्षकच पराक्रमाकडून सत्तेकडे सरकलेले दिसते. दोन्ही शीर्षके म्हणजे एका अर्थी मूळ नाटकांवरची भाष्येच आहेत.

क्षात्रधर्म आणि हे योद्धेपण एकच समजावे का?

घाईने समजू नये. क्षात्रधर्म हा वर्णाने नेमून दिलेला धर्म आहे आणि त्याला गुरू, शास्त्र, परलोक यांची चौकट आहे. ऑथेल्लो हा पगारावर ठेवलेला परदेशी सेनापती आहे, तँबरलेन मेंढपाळ आहे. त्यांचे योद्धेपण कमावलेले आहे, म्हणूनच ते जाण्याची धास्ती त्यांना सतत असते.

वाचनाची सुरुवात कोठून करावी?

‘ऑथेल्लो’चा तिसऱ्या अंकातला तिसरा प्रवेश मोठ्याने वाचावा, शक्यतो दोघांनी. मराठी अनुवादातून वाचला तरी चालेल. इयागोची वाक्ये वाचणाऱ्याने सावकाश वाचावे आणि निरोपाच्या भाषणाशी आल्यावर ऑथेल्लोची वाक्ये वाचणाऱ्याने घोडे, तुतारी, पावा, ध्वज यांतल्या एकेका शब्दावर थांबावे. त्यानंतर ‘कोरायोलेनस’मधला जखमा मोजण्याचा प्रवेश काढावा आणि त्यात व्हर्जिलियाच्या वाट्याला किती थोडी वाक्ये आली आहेत ते मोजावे.